सी ड्राइव्ह लाल झाली, आता काय?

प्रश्न

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सी ड्राइव्ह भरत येऊन लाल झालीय, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. बॅकअप डी मध्ये ठेवलाय. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या चावीवर) चालतं आणि त्याची सीडी आता सापडत नाही, त्यामुळे नवीन मशीन घ्यायचा धीर होत नाही. ४ टीबीची हार्ड डिस्क बसवली तर काम भागेल का?

उत्तर

४ टीबीचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते वेगळंच वाक्य, "बॅकअप डी मध्ये ठेवलाय."

गेली वीसेक वर्षं मी राजारामपुरीत लोकांची मशीनं उघडतोय आणि हे वाक्य ऐकलं नाही असा महिना गेलेला नाही. "साहेब, काळजी न्हाई, डी मध्ये हाय की समदं!" असं म्हणत माणूस हसतमुखानं कॅबिनेट टेबलावर ठेवतो आणि आतली डिस्क टक् टक् वाजत असते. सी, डी, ई ही तीन नावं दिसली तरी तुमच्या मशीनमध्ये डिस्क एकच आहे. एका खोलीला पडदे लावून तीन खोल्या केल्यात, एवढंच. छप्पर बसलं तर तिन्ही बसणार. तेव्हा आजच्या घडीला तुमच्याकडे बॅकअप नाही असंच धरून चाला. पुढचं सगळं त्याच क्रमानं सांगतो.

आधी त्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवा. वर निळ्या चौकटीत 'गुड' दिसलं म्हणून लगेच बंद करू नका. खालच्या यादीत चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बाजूला काढून त्याऐवजी राखीव जागा वापरलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचताना अडखळले, अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे वाचता आलेच नाहीत ते. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. शंभर रुपयांच्या आसपासची केबल बदलून वाचलेल्या डिस्का मी पाहिल्यात. एक गोम लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दाखवतं. तिथं '१०' दिसलं तर ते सोळा असतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन 'रॉ व्हॅल्यूज' दहाच्या पद्धतीत करून घ्या.

शेजारीच 'पॉवर ऑन अवर्स' दिसतील. दुकान दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालतं असं धरलं, तरी दहा वर्षांत ३०,००० तास होतात. तुमची डिस्क त्याच्या पुढे गेलेली असणार. चारही ओळी शून्य असल्या तरी एवढं चाललेल्या डिस्कवर गिऱ्हाइकांची कामं एकुलती एक ठेवायला मी तयार होणार नाही. आणि सी५ किंवा सी६ मध्ये शून्याशिवाय काही दिसलं, तर डिफ्रॅग करू नका, चेकडिस्क चालवू नका, 'आधी जरा साफसफाई करू' असंही म्हणू नका. आजारी डिस्कला कामाला लावलं की ती त्या कामातच जाते. आधी कॉपी.

कॉपी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर करा, आणि ती कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला जोडा. पुढच्या पोर्टची वायर लांब आणि बारीक असते. जुन्या कॅबिनेटमध्ये तिथं करंट कमी पडतो आणि डिस्क मधूनच 'निघून' जाते. एच-६१ च्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही. काही बोर्डांवर वेगळी चिप टाकून निळे पोर्ट दिलेले असतात, तुमच्याकडे असले तर उत्तम. नसले तर सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतील. म्हणजे ३०० जीबीला अडीच-तीन तास, बारीक फायली जास्त असल्या तर त्याहून बरेच जास्त. रात्री लावून ठेवा, पण यूपीएसवर.

क्रमही सांगतो, कारण कॉपी अर्ध्यावर डिस्क गेली तर काय हाताला लागलं याला महत्त्व असतं. पहिल्यांदा चालू कामांच्या कोरल फायली. त्याच्या लगोलग फॉन्ट. हे बहुतेकजण विसरतात. तुमच्या जुन्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असणार. तो फॉन्ट नसेल तर 'चि.' आणि 'सौ. कां.' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर फाइलही गेल्यासारखीच. मग हिशेबाच्या फायली, मग जुनी कामं, आणि सगळ्यात शेवटी डाउनलोड केलेलं.

कॉपी झाल्यावर तिच्यातल्या पाच-दहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. हे न करता 'बॅकअप आहे' म्हणायचं नाही.

आता लाल पट्टी. असेंबल मशीनमध्ये दुकानदार सवयीनं सी ला १०० जीबी देतात आणि उरलेली डी-ई मध्ये वाटून टाकतात. २०१२ मध्ये ते चालून गेलं. पण डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट, डाउनलोड्स, व्हॉट्सॲपवरून आलेले वधूवरांचे फोटो हे सगळं सी मध्येच जातं, हे कुणी सांगत नाही. डेस्कटॉप म्हणजे टेबल वाटतं, असतं ते सी चं पोट. शिवाय कोरल प्रत्येक फाइलची 'बॅकअप ऑफ' नावाची जोडफाइल त्याच फोल्डरात करतं. शोधून बघा, दहा वर्षांच्या ढिगात त्या किती निघतात. काम पोचतं झालेल्या पत्रिकांच्या जोडफायली बिनधास्त उडवा.

विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लीनअप उघडा आणि त्यातलं 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा, नुसतं पहिलं पान नको. जुन्या अपडेटचा गाळ तिथं निघतो. डाउनलोड्स फोल्डरचं ठिकाण त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमधून दुसरीकडे नेता येतं. हायबरनेशन बंद केलं तर ४ जीबी रॅमच्या मशीनवर दीडेक जीबी सुटते. फार नाही, पण डेस्कटॉपला त्याची गरजही नसते. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची वापरतं ती जागा) मात्र बंद करू नका, एवढ्या कमी रॅमवर कोरल धाडकन बंद पडेल. विनएसएक्सएस नावाचं गलेलठ्ठ फोल्डर दिसेल, त्याला हात लावायचा नाही. आणि रजिस्ट्री साफ करून मशीन पळवणारी सॉफ्टवेअरं कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा.

मग डी मधली जागा काढून सी ला द्यावी का? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढतो तो त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी, न वाटलेली जागा असेल तरच. नुसता डी लहान केला तर सुटलेली जागा डी च्या पलीकडे जाते आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच राहतं. त्यासाठी डी पुसावा लागतो, नाहीतर बाहेरचं सॉफ्टवेअर वापरून अख्खा डी सरकवावा लागतो. चौदा वर्षांच्या आसपासच्या डिस्कवर शेकडो जीबी इकडून तिकडे सरकवणं म्हणजे नसता उद्योग. सोडून द्या. नवीन डिस्कवर नेताना सी आपोआप मोठा करता येतो.

आता खरेदी. माझा सल्ला असा की विंडोज, कोरल आणि चालू महिन्याच्या कामांसाठी ५०० जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), झालेल्या कामांसाठी २ टीबीची नवी हार्ड डिस्क, आणि तेवढ्याच मापाची बाहेरची डिस्क बॅकअपला. जुनी ५०० जीबीची डिस्क कामातून निवृत्त. 'चालतीय तोवर चालू दे की' म्हणून तीच तिसरी डिस्क म्हणून आत ठेवतात. ती मरायला लागली की तिच्याकडून उत्तर यायची वाट बघत सगळं विंडोज ताटकळत बसतं. भरवसा नसलेली डिस्क आत ठेवायचीच नाही.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की एच-६१ वर एसएसडीचा उपयोग नाही. या चिपसेटचे चारही साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आहेत हे खरं. पेटीवर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेली एसएसडी तिथं २७० च्या आसपास अडकते हेही खरं. पण तुमचं कोरल अडतंय ते सलग वेगामुळे नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जाऊन योग्य सेक्टर खाली येईपर्यंत बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या घरात धावपळी. विंडोज सुरू होताना, कोरल शेकडो फॉन्ट वाचताना हजारो बारीक वाचनं लागतात. एसएसडीला डोकं हलवायचंच नसतं, ती जुन्या पोर्टवरसुद्धा सेकंदाला हजारोंनी वाचते. २०१२ च्या मशीनला एसएसडी लावून दिल्यावर 'प्रोसेसर बदलला काय?' असं विचारणारे लोक आहेत. जोडीला डीडीआर-३ रॅमची ४ जीबीची आणखी एक पट्टी मिळाली तर टाका. या बोर्डांवर बहुधा दोनच खाचा असतात, त्यातली एक तुमची रिकामी असावी.

चपट्या, च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एम डॉट टू एसएसडी स्वस्त दिसल्या तरी घेऊ नका. तुमच्या बोर्डावर तशी खाच नाही. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड लावून तशी एनव्हीएमई जातीची एसएसडी जोडता येते, पण या काळातल्या बायॉसला (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही. द्राविडी प्राणायाम होईल.

आणि आता तुमची ४ टीबी. विंडोज १० वर डेटाची डिस्क म्हणून ती चालेल, मात्र पहिल्यांदा जोडल्यावर विंडोज विचारतं तेव्हा जीपीटी निवडायचं. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कची वाटणी नोंदवायच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर निवडलं तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही, कारण त्या पद्धतीत सेक्टर मोजायला ३२ बिटच आहेत. काही मशीनवर ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवते. गिऱ्हाईक चिडून दुकानात येतं, आणि दोष निघतो तो जुन्या साटा ड्रायव्हरचा. तोही २ टीबीपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतो. हे सगळं निस्तरता येतं. माझा आक्षेप हिशेबाचा आहे. आत ४ टीबी घेतली तर बाहेरही ४ टीबी घ्यावी लागेल. नाही घेतली तर वर्षभरात पुन्हा 'डी मध्ये हाय की' सुरू. आज तुमचं सगळं मिळून ५०० जीबीत मावतंय, त्याला २ टीबी चौपट झाली. घरी आणल्यावर ती १८६३ जीबी दिसेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. भांडायचं असेल तर 'पॉवर ऑन अवर्स' वरून भांडा. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर आठ-दहा हजार तास दिसले तर ती कुठल्यातरी सीसीटीव्हीतून निघालेली आहे. ऑनलाइन दिसणाऱ्या हजार-पंधराशेच्या '१६ टीबी' एसएसडी म्हणजे आत मेमरी कार्ड घातलेली डबी असते, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

खरेदीआधी एकदा कॅबिनेट उघडा. वायर काढा, बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, पत्र्याला हात लावा आणि मग आत जा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, बघा. जुन्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, तेवढं तो कधीच देत नाही. पंखा करकरत असेल किंवा बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले असतील, तर आधी तो खर्च. फिरायला सुरुवात करताना हार्ड डिस्क १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते आणि दमलेला एसएमपीएस नेमका तेव्हाच मान टाकतो. डीव्हीडी रायटर वापरात नसेल तर काढा. त्याची साटा केबल आणि पॉवरची पिन फुकटात मिळते, जुन्या मोलेक्स पिनेवरून साटा करणारी पिन घ्यावी लागत नाही. प्लास्टिक ओतून केलेल्या त्या स्वस्त पिना आत शॉर्ट होऊन वितळतात. वितळलेली एक मी नमुना म्हणून काउंटरवर ठेवलीय.

हार्ड डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवायची, लोंबकळत नाही. एसएसडीत हलणारं काही नसतं, ती दुहेरी टेपनं चिकटवली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

बोर्डावरचा बटनसेल, सीआर-२०३२, हाही बदलूनच टाका. तो संपला की तारीख मागे जाते हे लोकांना माहीत असतं. बायॉसची सेटिंग मूळपदावर जातात हे नसतं. मग साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नव्या एएचसीआय वरून जुन्या आयडीई वर जातो आणि सकाळी दुकान उघडताच निळा पडदा. लोक म्हणतात नवी एसएसडी गेली, आणि असतो वीस-तीस रुपयांचा सेल. तुमचा मोड आत्ता कुठला आहे ते बायॉसमध्ये बघून कागदावर लिहून ठेवा. आयडीई असेल तर एएचसीआय करणं चांगलं, पण थेट बदलू नका. एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण करा, रिस्टार्ट करून बायॉसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा मशीन वर येऊ द्या आणि मग खूण काढा.

तुमची सीडी हरवलीय, म्हणून नव्यानं विंडोज टाकण्यापेक्षा क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बरा. डोंगलचा ड्रायव्हर, कोरल, फॉन्ट, सगळं आहे तसं पलीकडे जातं. बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात. त्यात सी आणि त्याच्या आधीचं छोटं 'सिस्टिम रिझर्व्हड' हे दोन्ही निवडा. ते छोटं राहिलं तर मशीन सुरूच होत नाही. क्लोनझिला नावाचं क्लोनचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण त्याला साधारणपणे नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. आणि ५०० नावाच्या दोन डिस्का सेक्टरनं सारख्या असतीलच असं नाही, ४८० ची असेल तर बोलायलाच नको. सी५ मध्ये आकडे असतील तर साधं क्लोन मधेच अडकेल. तेव्हा डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून कॉपी काढायचं सॉफ्टवेअर) येणाऱ्या माणसाकडे द्या, स्वतः हट्ट करू नका. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढलेली हवी. दोन्ही जोडून सुरू केलं तर विंडोज जुन्यावरूनच उठतं आणि तुम्हाला वाटतं एसएसडी काही कामाची नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत तुमचा प्रोसेसर बसत नाही. तेव्हा हे मशीन पत्रिकांपुरतं ठेवा. बँक आणि यूपीआयचे हिशेब दुसरीकडे करा.

बाहेरच्या बॅकअप डिस्कबद्दल एक गोष्ट खास शुक्रवार पेठेसाठी. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर तुम्ही पाहिलाय, मी काय सांगायचं. त्या दोन्ही वेळी माझ्याकडे चिखलानं भरलेली कॅबिनेटं रांगेनं आली. त्यातल्या कित्येकांच्या बॅकअपच्या डिस्का त्याच टेबलाच्या खालच्या खणात होत्या. तुमची बाहेरची डिस्क दुकानात ठेवू नका, राजारामपुरीत किंवा कळंब्याला कुणी पाहुणा असेल त्याच्याकडे ठेवा. आठवड्याला एकदा आणायची, कॉपी करायची, परत न्यायची. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की कॅबिनेट माळ्यावर, ४३ च्या धोक्याची वाट बघायची नाही. आणि कधी डिस्क भिजलीच, तर 'चालू होतीय का बघू' हा मोह टाळा. तिला श्वासासाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेलेला असतो आणि एकदा फिरवली की तबकडीवर ओरखडे पडतात. उन्हातही वाळवू नका. गाळ आतच वाळून चिकटतो. ओलीच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

राहिली तुमची जुनी ५०० जीबी. ती दोन-तीन महिने तारीख लिहून कपाटात ठेवा, काहीतरी राहिलेलं हमखास आठवतं. त्यानंतर ओएलएक्सवर विकू नका आणि तशीच भंगारातही घालू नका. तिच्यावर दहा-बारा वर्षांच्या लग्नघरांचे फोटो, पत्ते आणि कुणीकुणी पाठवलेली आधार कार्डं आहेत. चालत असेल तर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा, त्यात सगळीकडे शून्य लिहिली जातात. चालत नसेल तर उद्यमनगरात ओळखीच्या कुणाकडे तरी ड्रिल असेलच, तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या.